रिन्यूअलच्या आधीची तारीख

ताई, नमस्कार. आमच्या स्टार्टअपमध्ये २३ माणसं आहेत. मी हिशेब बघते, पगार बघते आणि ज्याला दुसरा कुणी वाली नाही तेही सगळं बघते. गेल्या आठवड्यात कार्डाच्या स्टेटमेंटवर एक मोठी रक्कम दिसली. शोधल्यावर कळलं, की एका डिझाइन टूलचं वर्षभराचं रिन्यूअल आपोआप झालंय, आणि ते वापरणारी शेवटची व्यक्ती सात महिन्यांपूर्वीच नोकरी सोडून गेलीय. फाउंडर रागावले नाहीत, पण “आपण सॉफ्टवेअरवर एकूण किती खर्च करतो?” असं त्यांनी विचारलं आणि मला उत्तर देता आलं नाही. दोन वर्षांत मी तीनदा सगळ्या सबस्क्रिप्शनची शीट केली. दरवेळी दोन महिन्यांत ती शिळी होते. सहकाऱ्यांना विचारायला जावं, तर मी झडती घेतेय असं त्यांना वाटतं. सबस्क्रिप्शन सांभाळणारं एखादं टूल घेऊ का? की माझंच काही चुकतंय?

– एक वाचक

नमस्कार,

शीट जरा बाजूला ठेवा आणि आधी त्या डिझाइन टूलच्या कंपनीला मेल लिहा. आजच. रिन्यूअल होऊन आठवडाच झालाय, म्हणून घाई करतेय. शेवटचं लॉगिन कधी झालं ते अ‍ॅडमिन पॅनेलमधून काढा, तारखेसकट मेलमध्ये टाका आणि सरळ विचारा: सात महिन्यांत कुणीही वापरलेलं नाही, हे रिन्यूअल रद्द करून पैसे परत मिळतील का? करारानुसार ते बांधील नसतीलही. पण पहिल्या काही दिवसांत, पुराव्यासकट आणि नीट शब्दांत मागितलं तर पैसे मिळाल्याचं मी बऱ्याचदा पाहिलंय. पूर्ण नाही मिळाले, तर लहान प्लॅनवर उतरवून द्या म्हणा. त्याच मेलमध्ये पुढचं ऑटो-रिन्यूअल बंद करायला सांगा आणि बंद केल्याचं लेखी उत्तर मागा. मात्र खातं बंद होण्याआधी आतल्या फाइल उतरवून घ्या. गेलेल्या माणसाचं काम त्यातच असणार.

आता तुमच्या मुख्य प्रश्नाकडे येते. तुमच्या तिन्ही शीटमध्ये कोणते रकाने होते ते तुम्ही लिहिलेलं नाही, पण अंदाज करते: टूलचं नाव, प्लॅन, महिन्याची रक्कम, खाली बेरीज. मीही कैक वर्षं हेच करत होते. अशी शीट म्हणजे एका दिवसाचा फोटो. दुसऱ्या दिवशी कुणीतरी ट्रायल घेतो, कुणी एक सीट, म्हणजे आणखी एका माणसाचा परवाना, वाढवतो, आणि फोटो जुना होतो. तो ताजा ठेवायचं काम एकट्या तुमच्यावर असतं, आणि तुम्हाला बाकीची दहा कामं असतात. त्यामुळे ती शिळी झाली यात तुमचा आळस नाही. ती तशी होणारच होती.

काही वर्षांपूर्वी तीसेक माणसांच्या एका कंपनीत मी तुमच्यासारखंच काम करत होते. कार्डाची मुदत संपली म्हणून बँकेने नवं कार्ड पाठवलं. मोठमोठ्या सेवांवर मी नवा नंबर टाकला आणि निश्चिंत झाले. तीन आठवड्यांनी एका सकाळी ग्राहकांच्या तक्रारी सुरू झाल्या: पासवर्ड बदलायचा मेल येत नाही. आमच्या अ‍ॅपमधून मेल पाठवणारी सेवा पैसे न मिळाल्याने बंद झाली होती. तिचं बिल इतकं लहान, की रकमेप्रमाणे लावलेल्या माझ्या यादीत ती सगळ्यांत खाली होती. त्या कंपनीने चार वेळा कळवलं होतं, पण ज्या इंजिनिअरने ते खातं उघडलं तो वर्षभरापूर्वी सोडून गेला होता, आणि मेल त्याच्याच नावावर जात होते. दुपारी मी त्याचा जुना मेलबॉक्स उघडला. न वाचलेल्या, ठळक अक्षरांतल्या चार ओळी एकाखाली एक होत्या. शेवटचीचा विषय होता ‘अंतिम सूचना’. खाली बघतच बसले मी.

तेव्हापासून माझ्या शीटमध्ये टूलच्या नावाशेजारचा रकाना रकमेचा नसतो, तो माणसाच्या नावाचा असतो. प्रत्येक सबस्क्रिप्शनला एक मालक. ‘मार्केटिंग टीम’ असं लिहायचं नाही, कारण टीमला फोन करता येत नाही. हे टूल ठेवायचं की सोडायचं हे जो ठरवू शकतो आणि न ठरवल्यास ज्याला विचारता येईल, त्याचं नाव लिहायचं. तो माणूस कंपनी सोडताना लॅपटॉप परत करतो, तशाच त्याच्या नावावरच्या ओळी दुसऱ्याच्या नावावर करायच्या. हे सोडण्याच्या दिवसाच्या कागदपत्रांतच घाला. तुमच्याकडे ती व्यक्ती सात महिन्यांपूर्वी गेली त्या दिवशी पाच मिनिटं दिली असती, तर आजचं पत्र आलं नसतं. आणि बिलं, सूचना, पावत्या यांच्यासाठी एक सामाईक मेल पत्ता काढा. जिथे जिथे बिलिंगचा पत्ता वेगळा देता येतो, तिथे तोच द्या.

वेबसाइटच्या डोमेनकडे, म्हणजे तिच्या नोंदवलेल्या नावाकडे, तर आजच बघा. डॉट कॉमसारख्या डोमेनची मुदत संपण्याआधी साधारण महिनाभर आणि मग आठवडाभर आधी आठवण पाठवायची, असं आयकॅनने, म्हणजे डोमेनचे नियम ठरवणाऱ्या संस्थेने, नोंदणी करणाऱ्या कंपन्यांना बांधून दिलेलं आहे. आठवण येतेच. पण ती नोंदवलेल्या पत्त्यावर येते, आणि तो पत्ता कुणाचा आहे हा खरा प्रश्न आहे.

हे असं का होतं, तेही थोडं सांगते. पूर्वी सॉफ्टवेअर एकदा विकत घेतलं जायचं. घेताना कुणीतरी विचारायचं, कुणीतरी सही करायचं, पैसे एकदाच जायचे. अ‍ॅमेझॉनने २००६ साली साठवणूक आणि सर्व्हर वापराप्रमाणे भाड्याने द्यायला सुरुवात केली. अडोबीने २०१३ मध्ये जाहीर केलं, की डिझाइनच्या सॉफ्टवेअरच्या नव्या आवृत्त्या यापुढे वर्गणीवरच मिळतील. आता निर्णय एकदाच होतो आणि पैसे जातच राहतात. एकाने घेतलेलं असतं, दुसरा वापरत असतो, कार्ड तिसऱ्याचं असतं आणि मेल चौथ्याला जातो. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं, तशातली गत. पैसे देत राहण्यासाठी कुणाला काहीच करावं लागत नाही, थांबवायचं तर मात्र मुद्दाम काहीतरी करावं लागतं. म्हणून तुमची सगळी व्यवस्था त्या ‘मुद्दाम’च्या दिवसाभोवती उभी करा.

हा दिवस रिन्यूअलचा नसतो. माझं सगळ्यांत आग्रहाचं सांगणं हेच आहे. पुष्कळ वार्षिक करारांत लिहिलेलं असतं, की रद्द करायचं असेल तर ३०, ६० किंवा ९० दिवस आधी लेखी कळवा, नाहीतर पुढचं वर्ष धरलं जाईल. समजा रिन्यूअल १ एप्रिलला आहे आणि नोटीस ६० दिवसांची. मग तुमच्या हातातली तारीख जानेवारी संपायच्या आतली आहे. मार्चमध्ये कॅलेंडर वाजलं, तर ते वरातीमागून घोडं. शीटमध्ये रिन्यूअलची तारीख लिहाच, पण तिच्याशेजारी ‘निर्णयाची तारीख’ लिहा, आणि ती नोटिशीच्या शेवटच्या दिवसाच्याही दोन आठवडे आधीची धरा. मालकाला टूल वापरणाऱ्यांशी बोलायला, दुसरा पर्याय बघायला आणि समोरच्या कंपनीशी दराबद्दल बोलायला तेवढे दिवस लागतात. ही तारीख मालकाच्या आणि तुमच्या, दोघांच्याही कॅलेंडरमध्ये टाका. त्या नोंदीत करारातलं रद्द करण्याचं कलम जसंच्या तसं चिकटवून ठेवा: कुठे कळवायचं, कोणत्या पत्त्यावर, किती दिवस आधी. ऐन वेळी करार शोधत बसण्यात अर्धा दिवस जातो.

शीट या तारखेप्रमाणे लावा. सगळ्यांत जवळची तारीख वर. मग ती शिळी होत नाही, कारण दर आठवड्याला तुम्हाला वरच्या दोन-तीन ओळींकडेच बघायचं असतं. पूर्ण यादी कुणीच वाचत नाही, मीही वाचत नाही.

यादी पहिल्यांदा भरायला मात्र एकदा बैठक मारावी लागेल. स्टेटमेंट १२ नाही, १३ महिन्यांची काढा. वार्षिक बिलं एक-दोन दिवस मागेपुढे होतात आणि नेमकी काठावरची निसटतात. स्टेटमेंटवर टूलचंच नाव असेल असं नाही. काही कंपन्या विक्री दुसऱ्या कंपनीमार्फत करतात. तिथे ‘पॅडल डॉट नेट’ असं काहीतरी दिसतं आणि पुढे टूलचं नाव अर्धवट तुटलेलं असतं. फोनवरून घेतलेलं असेल तर ‘अ‍ॅपल डॉट कॉम’च्या नावाखाली येतं, आणि त्या एका नावाखाली चार वेगळी अ‍ॅप्स असू शकतात. ओळख पटली नाही तर रक्कम आणि तारीख धरून मेलमध्ये शोधा. पावती कुठेतरी असतेच.

कार्डाच्या बाहेरचाही खर्च असतो. लोक स्वतःच्या कार्डाने टूल घेतात आणि महिन्याअखेरीला खर्चाच्या दाव्यात लावतात. तो हिशेबात ‘इतर’ किंवा ‘कार्यालयीन खर्च’ म्हणून बसतो आणि सॉफ्टवेअर म्हणून कधी मोजलाच जात नाही. असे सगळे दावे एकदा चाळा. शिवाय तुमचे मेल गूगल वर्कस्पेसवर असतील, तर अ‍ॅडमिन कन्सोलमध्ये सिक्युरिटीखाली एपीआय कंट्रोल्स आहेत. कंपनीच्या खात्याला कोणकोणती बाहेरची अ‍ॅप्स जोडलेली आहेत ते तिथे दिसतं. मायक्रोसॉफ्ट असेल तर एन्ट्रा या लॉगिन सांभाळणाऱ्या सेवेतली एंटरप्राइज अ‍ॅप्लिकेशन्सची यादी बघा. यातली बरीच फुकटातली असतील. ती वेगळी ठेवा, पुसू नका. आजचं फुकटातलं टूल सहा महिन्यांनी बिल पाठवू लागतं.

सीटकडे येते. बहुतेक टूलचं बिल माणसांवर असतं आणि ती संख्या वाढते सहज, उतरते कष्टाने. तुम्ही २३ जण आहात. एखाद्या टूलमध्ये ३१ सीट निघाल्या, तर ८ रिकाम्या. म्हणजे त्या बिलाचा चौथ्या हिश्शाहून जास्त भाग कुणाच्याच उपयोगाचा नाही. आणि माणूस काढला म्हणजे सीट कमी झाली असं धरून चालू नका. कोड ठेवायच्या गिटहबवर ठरावीक सीट घेतलेल्या असतील, तर सदस्य काढल्यावर सीटची संख्या आपोआप उतरत नाही. ती बिलिंगमध्ये जाऊन वेगळी कमी करावी लागते. हे ठाऊक नसल्यामुळे ‘काढलं की आपण त्याला’ म्हणत वर्षभर पैसे भरणारे लोक मला भेटलेत. प्रत्येक मोठ्या टूलचं बिलिंगचं पान एकदा स्वतः उघडा, ‘घेतलेल्या’ आणि ‘वापरातल्या’ असे दोन आकडे शेजारी-शेजारी बघा.

वार्षिक घ्यावं की मासिक, हे तुम्ही विचारलेलं नाही, पण तुमचं दुखणं तिथलंच आहे. वार्षिक घेतलं तर १० महिन्यांच्या पैशांत १२ महिने, अशी सवलत बऱ्याच ठिकाणी असते. गणित सोपं आहे: ते टूल १० महिन्यांहून जास्त आणि तेवढ्याच सीटवर वापरणार याची खात्री असेल तरच त्यात फायदा आहे. मेल, कोड, हिशेब यांच्या टूलबद्दल ती खात्री असते. मार्केटिंगच्या नव्या टूलबद्दल नसते. माझा नियम असा: नवं टूल निदान तीन महिने मासिक चालवायचं, मगच वार्षिक. सवलतीचे दोन महिने वाचवायला जाऊन बारा महिने अडकण्यापेक्षा हे बरं.

एक तिसरा प्रकार फसवा आहे: करार वर्षाचा, हप्ता महिन्याचा. स्टेटमेंटवर तो मासिकच दिसतो. मध्येच सोडायला गेलं की उरलेल्या हप्त्यांतला काही भाग दंड म्हणून भरावा लागतो. हा दंड ग्राहकांपासून दडवला जातो, असा आरोप ठेवून अमेरिकेच्या न्याय विभागाने फेडरल ट्रेड कमिशन या ग्राहकांचं हित बघणाऱ्या संस्थेच्या शिफारशीवरून जून २०२४ मध्ये अडोबीवर खटला भरला. कंपनीने आरोप नाकारले. तुमच्या शीटमध्ये ‘करार किती काळाचा’ आणि ‘पैसे कधी जातात’ हे दोन वेगळे रकाने असू द्या. कार्ड बंद केलं म्हणजे करार संपला, असाही समज असतो. तो करार राहतोच, फक्त थकबाकी चढते.

क्लाउडचं, म्हणजे भाड्याने घेतलेल्या सर्व्हरचं, बिल या शीटमध्ये मिसळू नका. त्याला ठरलेली रक्कम नाही, ते विजेच्या मीटरसारखं आहे. सर्व्हर बंद केला तरी त्याची डिस्क जागा भाड्याने घेऊन बसलेली असते. अ‍ॅमेझॉनच्या एडब्ल्यूएस या क्लाउड सेवेने १ फेब्रुवारी २०२४ पासून प्रत्येक सार्वजनिक आयपीव्ही४ पत्त्यावर, म्हणजे सर्व्हरच्या इंटरनेटवरच्या क्रमांकावर, तासाप्रमाणे आकार लावलाय, मग तो वापरात असो की पडून असो. हे सगळं तुम्ही समजून घ्यायची गरज नाही, पण एका इंजिनिअरचं नाव त्यापुढे हवं आणि दर महिन्याला त्याने मागच्या महिन्याशी तुलना करून तुम्हाला दोन ओळी लिहायला हव्यात. बजेटचा इशारा लावा, मात्र नुसता इशारा मेल पाठवतो, खर्च थांबवत नाही. आणि स्टार्टअप म्हणून फुकट क्रेडिट, म्हणजे बिलातून वजा होणारी रक्कम, मिळालेली असतील, तर ती वजा करण्याआधीचा आकडा लिहा. क्रेडिटला मुदत असते. ज्या महिन्यात ती संपते, त्या महिन्यात शून्याचं एकदम पूर्ण बिल होतं, आणि तो आकडा फाउंडरना आधीपासून ठाऊक असलेला बरा.

सहकाऱ्यांबद्दल. “तुम्ही काय काय वापरता?” या प्रश्नाला झडतीचा वास येतो, खरंच येतो. त्याऐवजी प्रत्येकाला त्याच्या नावावरच्या ओळी पाठवा आणि विचारा, “यातलं कोणतं उद्या बंद पडलं तर तुमचं काम अडेल?” या प्रश्नात तुम्ही त्यांच्या बाजूने उभ्या असता. मला तर यातून नेहमी एखादं असं टूल कळलंय, जे लहान प्लॅनवर कसंबसं चालतंय आणि खरं तर वाढवायला हवं. ते वाढवून द्या. एकदा कुणाला काही मिळालं, की पुढच्या वेळी लोक आपणहून सांगतात. घ्यायच्या वेळचा नियम छोटा ठेवा: ठरवलेल्या रकमेखालचं कुणीही घ्यावं, परवानगी नको, पण त्याच दिवशी शीटमध्ये ओळ भरावी. नाव, तारीख, कशासाठी. ओळ नसेल तर दावा मंजूर नाही. या एका गोष्टीवर मात्र ठाम राहा. आणि अगदी लहान रकमांवरून कुणाच्या मागे लागू नका, त्यात तुमचा जेवढा वेळ जातो त्याची किंमत बिलाहून मोठी असते.

आता, सबस्क्रिप्शन सांभाळायला आणखी एक सबस्क्रिप्शन घ्यावं का? २३ माणसांसाठी माझं उत्तर नाही असंच आहे. ही टूल वाईट नाहीत, कार्ड आणि लॉगिन जोडून खर्च शोधण्याचं काम चांगलं करतात. शेकडो माणसं आणि पाच विभाग झाले की त्यांचा उपयोग होतो. पण मालक कोण हे ती ठरवून देत नाहीत, आणि तुमचं अडलंय ते तिथे. आत्ता घेतलंत तर रोग म्हशीला आणि औषध पखालीला असं होईल. त्यापेक्षा बँक देत असेल तर प्रत्येक मोठ्या सेवेसाठी वेगळं व्हर्च्युअल कार्ड, म्हणजे ऑनलाइन वापरायचं नुसतं नंबराचं कार्ड, काढा, त्याला मर्यादा लावा. स्टेटमेंट आपोआप सुटं होतं आणि एक कार्ड बदललं म्हणून दहा सेवा बंद पडत नाहीत.

फाउंडरना काय सांगायचं ते शेवटी. एकच आकडा देऊ नका. वार्षिक बिलांना १२ने भागून, मासिक बिलं मिळवून, महिन्याचा सरासरी खर्च काढा, आणि क्लाउड त्याच्याखाली वेगळं दाखवा. शेजारी पुढच्या बारा महिन्यांत कोणत्या महिन्यात प्रत्यक्ष किती पैसे खात्यातून जाणार तेही लिहा. सरासरी ठीक दिसते आणि तीन वार्षिक बिलं एकाच महिन्यात येऊन पगाराच्या आठवड्यात खातं रिकामं होतं, हे मी बघितलंय. त्या कागदाच्या खालच्या अर्ध्या भागात येत्या ९० दिवसांत निर्णयाची तारीख येणाऱ्या ओळी द्या, प्रत्येकीपुढे मालकाचं नाव. पहिल्या वेळी काही ओळींपुढे जागा रिकामी राहील. ती तशीच रिकामी दाखवा, आणि फाउंडरना विचारा, इथे कुणाचं नाव लिहू?

– तुमची ताई